अमेरिकेत मानसशास्त्रात पुढचं शिक्षण: पैसे कुठून येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएचडी केली. आता दर हिवाळ्यात, अर्जांच्या दिवसांत, अनेक मुलामुलींशी बोलणं होतं. जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात एकाच प्रश्नाने करतो: "कुठल्या स्कॉलरशिपला अर्ज करू?" हा प्रश्न विचारायलाच हवा, पण त्याचा नंबर दुसरा. मानसशास्त्रात पैशाचा निकाल बराचसा आधीच लागलेला असतो. तुम्ही कोणती पदवी निवडता आणि कोणत्या विभागात, कोणाच्या हाताखाली जाता, तिथेच तो लागतो. बाहेरची शिष्यवृत्ती ही त्यावरची भर. म्हणून खालचे प्रश्नही त्याच क्रमाने घेतले आहेत. रकमा डॉलरमध्ये आहेत आणि त्या बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः उघडून वाचा.

पीएचडीला फी भरावी लागत नाही, हे खरं आहे का?

संशोधनावर भर देणाऱ्या बहुतेक विद्यापीठांत खरं आहे. प्रवेशाबरोबर तीन गोष्टी मिळतात: ट्यूशन माफ, दर महिन्याला स्टायपेंड आणि आरोग्यविम्याचा पूर्ण किंवा काही हप्ता. बदल्यात आठवड्याला साधारण २० तास विभागाचं काम करायचं. यालाच असिस्टंटशिप म्हणतात.

घरच्यांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, आपल्या मुलीला फुकट शिकवतायत. तसं नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या दोन-तीनशे मुलांच्या वर्गाच्या चाचण्या कोण तपासतं? प्रयोगशाळेत सहभागी व्यक्तींना बसवून, संमतीपत्र समजावून, तासन् तास नोंदी कोण घेतं? पीएचडीचे विद्यार्थीच. त्यांच्याशिवाय विभाग एक सत्रसुद्धा चालणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसवर मिळून सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांत शिकवणारे आणि संशोधन करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. संप डिसेंबरच्या अखेरीपर्यंत चालला आणि त्यांचे पगार वाढवावे लागले. तुम्हाला मिळणारा स्टायपेंड हा कष्टाचा मोबदला आहे. त्याबद्दल बोलताना, विचारताना संकोच नको.

टीए, आरए आणि फेलोशिप यांत फरक काय?

टीए म्हणजे शिकवण्यात मदत: चर्चेचे तास घेणं, संख्याशास्त्राची लॅब घेणं, पेपर तपासणं. पैसे विभागाच्या खात्यातून येतात.

आरए म्हणजे प्रोफेसरांच्या संशोधन अनुदानातून पगार. काम बहुधा तुमच्या प्रबंधाच्या जवळचं असतं, त्यामुळे वेळ दोन्हीकडे कामी येतो. धोका एकच: अनुदान संपलं की पगारही संपतो. राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, म्हणजे एनआयएचचं, आर०१ हे मोठं अनुदान साधारण पाच वर्षांपर्यंतचं असतं. तुम्ही त्याच्या चौथ्या वर्षी लॅबमध्ये आलात, तर पुढचं काय, हे आधी विचारायला हवं.

फेलोशिपमध्ये ठरलेलं काम नसतं. अभ्यास आणि संशोधन करा, एवढीच अपेक्षा. पहिलं वर्ष फेलोशिपवर आणि पुढची वर्षं टीए किंवा आरए, अशी विभागणी अनेक विद्यापीठं करतात. मला विचाराल तर शेवटचं वर्ष फेलोशिपवर मिळणं हे पहिल्या वर्षापेक्षा मोलाचं, कारण प्रबंध लिहिताना शंभर पेपर तपासणं फार जड जातं.

मला रुग्णांवर उपचार करायचे आहेत. सायडी (उपचारांवर भर देणारी मानसशास्त्राची डॉक्टरेट) करावी की पीएचडी?

पैशाच्या बाजूने पाहिलं तर हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं मागे जाऊन सांगते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना मानसोपचाराची गरज होती आणि तेवढे मानसशास्त्रज्ञ देशात नव्हते. १९४६ मध्ये माजी सैनिकांच्या खात्याने, म्हणजे व्हीएने, क्लिनिकल मानसशास्त्राचं प्रशिक्षण सुरू केलं. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे परिषद भरली आणि ठरलं की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ हा आधी संशोधकही असला पाहिजे. म्हणून पीएचडी विद्यापीठांच्या संशोधन व्यवस्थेत रुजली आणि तिथल्या पैशाशी बांधली गेली. पुढे अनेकांना वाटू लागलं की ज्याला उपचारच करायचे आहेत त्याच्यासाठी वेगळी पदवी हवी. १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने पहिला सायडी अभ्यासक्रम सुरू केला आणि १९७३ मध्ये कोलोरॅडोतल्याच व्हेल या गावी भरलेल्या परिषदेने या वाटेला मान्यता दिली. यातले बरेच अभ्यासक्रम नंतर संशोधन अनुदानांपासून दूर असलेल्या स्वतंत्र संस्थांत, मोठ्या वर्गांसह उभे राहिले. तिथे टीए म्हणून शिकवायला पदवीचे वर्गच नाहीत आणि आरए ठेवायला अनुदानं नाहीत. खर्च भागतो तो विद्यार्थ्यांच्या फीवर.

म्हणून सायडी म्हणजे बहुतेक ठिकाणी चार-पाच वर्षांची पूर्ण फी आणि राहण्याचा खर्च. अपवाद आहेत. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या सायडीत ट्यूशन माफ होते आणि स्टायपेंडही मिळतो, पण तिथे जागा मोजक्याच. परवाना दोन्ही पदव्यांवर मिळतो आणि चांगले उपचारकर्ते दोन्हीकडून तयार होतात. सायडी कमी दर्जाची, असं मी मुळीच म्हणत नाही. पण दोन लाख डॉलरचं कर्ज घेऊन सुरुवात करणारी व्यक्ती पुढे कमी पगाराच्या सामुदायिक केंद्रात काम करायला धजेल का, हे ज्याचं त्याने आजच बसून पाहावं. संशोधनाची थोडी जरी आवड असेल, तर एक वर्ष थांबून, एखाद्या लॅबमध्ये अनुभव घेऊन, पीएचडीला पुन्हा अर्ज करणं हा तोट्याचा सौदा नाही.

एमए किंवा एमएसला काही मिळतं का?

समुपदेशनाच्या मास्टर्सला सहसा नाही. प्रायोगिक किंवा सर्वसाधारण मानसशास्त्राच्या काही दोन वर्षांच्या मास्टर्सना मात्र मिळतं. विशेषतः ज्या विभागात पीएचडी नाही, तिथे टीए-आरएचं काम मास्टर्सवाल्यांच्या वाट्याला येतं. वेक फॉरेस्ट, विल्यम अँड मेरी आणि व्हिलानोव्हा ही त्यातली माहितीतली नावं. पीएचडीच्या आधी संशोधनाचा अनुभव कमी पडतोय असं वाटणाऱ्यांनी असे विभाग जरूर शोधावेत.

एक सूचना. काही विद्यापीठं पीएचडीचा अर्ज नाकारून "आमच्या मास्टर्सला या" असं पत्र पाठवतात. त्या पत्रात पैशाचा उल्लेख नसेल तर पैसे नाहीत, असंच समजा.

स्कूल सायकॉलॉजी, इंडस्ट्रियल-ऑर्गनायझेशनल, इतर शाखा?

इंडस्ट्रियल-ऑर्गनायझेशनल, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्राच्या मास्टर्सला मदत कमी, पण पुढे नोकऱ्या आणि पगार बरे. पीएचडी इतर शाखांसारखीच. स्कूल सायकॉलॉजीत काही विद्यापीठांकडे संघराज्याच्या शिक्षण खात्याचं प्रशिक्षण अनुदान असतं. त्यातून मदत घेतली तर मदतीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काम करावं लागतं, नाहीतर पैसे परत करावे लागतात. सामाजिक, बोधात्मक, विकासात्मक, संख्यात्मक या शाखांत पीएचडी म्हणजे जवळपास नेहमीच पूर्ण मदतीची.

अर्ज करण्याआधीच विभाग किती मदत देतो हे कसं कळेल?

क्लिनिकल, समुपदेशन आणि स्कूल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटसाठी एक फार उपयोगी तक्ता असतो आणि तो फार थोडे जण उघडून बघतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची, मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला विद्यार्थ्यांचे प्रवेश, निकाल आणि इतर आकडे आपल्या वेबसाइटवर जाहीर करावेच लागतात. त्यात वर्षाची ट्यूशन किती, इतर फी किती, असिस्टंटशिप असेल तर सरासरी रक्कम किती, आरोग्यविमा आहे का, हे सगळं लिहिलेलं असतं. पुढे अभ्यासक्रम पूर्ण करायला किती वर्षं लागली, किती जण मध्येच सोडून गेले, किती जणांना इंटर्नशिप मिळाली, हेही.

हा तक्ता असा वाचा. समजा, एका अभ्यासक्रमात दरवर्षी सहा जण येतात, सरासरी सहा वर्षं लागतात आणि विभाग मदतीची हमी चार वर्षांची देतो. मग उरलेल्या दोन वर्षांचे पैसे कोण भरतं? आणि दुसरीकडे दरवर्षी ऐंशी जण येत असतील, तर ऐंशी जणांना असिस्टंटशिप देणारा विभाग मी तरी पाहिलेला नाही. वर्गाचा आकार बघितला तरी अर्ध्याहून अधिक उत्तर मिळतं.

इतर शाखांना हा तक्ता सक्तीचा नाही. तिथे थेट विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल करा (अमेरिकेत 'ग्रॅज्युएट' म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण). ही बाई किंवा हा माणूस विभागाचा आधारस्तंभ असतो आणि पैशाचे प्रश्न त्यांना रोजचे असतात.

ऑफर लेटर आलं! त्यात काय बघायचं?

आधी अभिनंदन. मग एक रात्र झोपा आणि सकाळी पेन्सिल घेऊन बसा.

पहिली ओळ शोधायची ती नऊ महिने की बारा महिने. माझ्या पत्रात वर्षाची एकच रक्कम होती आणि मी ती बाराने भागून खूश होते. प्रत्यक्षात ती नऊ महिन्यांची होती. मेच्या मध्यावर शेवटचा पगार जमा झाला आणि पुढचा थेट सप्टेंबरच्या अखेरीला येणार होता. मधल्या काळात भाडं मात्र दर महिन्याच्या एक तारखेला जात होतं. त्या उन्हाळ्यात मी दोन लॅबसोबतिणींबरोबर एका खोलीत राहिले आणि विभागाच्या उन्हाळी वर्गाची मिळेल ती टीए घेतली. चूक माझीही होती, कारण पत्रात ते लिहिलेलं होतं: 'शैक्षणिक वर्षासाठी'. या दोन शब्दांचा अर्थ नऊ महिने. उन्हाळ्याची सोय काय, हे लेखी विचारा.

दुसरी गोष्ट, ट्यूशन आणि फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्यूशन माफ झाली तरी तंत्रज्ञान फी, आरोग्यकेंद्र फी, वाहतूक फी, परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी फी अशी यादी दर सत्राला येते, आणि बऱ्याच ठिकाणी ती तुमच्या खिशातून जाते. बेरीज शेकड्यात असते, काही ठिकाणी हजाराच्या वर. पहिल्या पगाराआधीच ती भरायची वेळ येऊ शकते. सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या दराची पूर्ण ट्यूशन माफ होते की फक्त राज्यातल्या दराएवढी, तेही पाहा. फरक मोठा असतो.

तिसरं, किती वर्षांची हमी आणि कोणत्या अटीवर. 'समाधानकारक प्रगती असल्यास' ही अट सगळीकडे असते, तिला घाबरू नका. 'निधी उपलब्ध असल्यास' हे शब्द दिसले तर मात्र आधीच्या पाच वर्षांत कोणाची मदत थांबली का, असं सरळ विचारा. हा प्रश्न विभागप्रमुखांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलात तर खरं उत्तर मिळतं.

आणि शेवटी शहर. कमी भाड्याच्या छोट्या गावातला लहान स्टायपेंड मोठ्या शहरातल्या भरभक्कम दिसणाऱ्या स्टायपेंडपेक्षा पुरून उरतो. तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांचं भाडं विचारा, ते सांगतात.

प्रोफेसरांना पैशाबद्दल विचारलं तर वाईट दिसेल का?

आपल्याकडे गुरूंशी पैशाचं बोलणं अवघड वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तिथे मानसशास्त्रात प्रवेशच बहुधा एका विशिष्ट मार्गदर्शकाच्या लॅबमध्ये होतो. तुम्हाला घ्यायचं तर त्यांनाही तुमची पाच वर्षं कशी चालवायची याचा हिशोब करावाच लागतो. फक्त वेळ पाळा. पहिल्याच ओळखीच्या मेलमध्ये पैशाचा विषय नको. त्यात त्यांच्या कामाबद्दल बोला आणि या वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का, एवढं विचारा. मुलाखतीनंतर किंवा ऑफर आल्यावर सरळ विचारा: माझी मदत टीएमधून असेल की तुमच्या अनुदानातून, ते अनुदान कधीपर्यंत आहे, आणि ते संपलं तर विभाग जबाबदारी घेतो का. या तीन प्रश्नांना नीट उत्तर न देणाऱ्या मार्गदर्शकाबद्दल तिथेच बरंच काही कळतं.

एक आठवड्यात उत्तर द्या असं म्हणतायत. काय करू?

अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या परिषदेचा एक ठराव आहे आणि बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे: आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला विद्यार्थी बांधील नाही. नम्रपणे या ठरावाचा उल्लेख करा, सहसा तेवढं पुरतं. त्याच वेळी, जी ऑफर तुम्ही नक्की घेणार नाही ती लगेच नाकारा. प्रतीक्षा यादीत कोणीतरी तुमच्यासारखंच फोनकडे डोळे लावून बसलेलं असतं.

एनएसएफची फेलोशिप कोणाला मिळते?

नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप १९५२ पासून चालू आहे. पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षांची मदत, वर्षाला ३७,००० डॉलर स्टायपेंड आणि विद्यापीठाला वेगळे १६,००० डॉलर. अर्ज अमेरिकन नागरिक, राष्ट्रीय दर्जाचे रहिवासी आणि ग्रीन कार्डधारकांनाच करता येतो. ज्या कुटुंबांत आईवडील इकडून गेले आणि मुलं तिथे वाढली, त्यांच्यासाठी ही पहिली पायरी.

मानसशास्त्र यात बसतं, पण रोगाचं निदान किंवा उपचार हाच हेतू असलेलं संशोधन बसत नाही. क्लिनिकलचे विद्यार्थी इथे हमखास अडकतात. नैराश्यावर औषध किंवा थेरपी किती चालते, हा प्रस्ताव परत येतो. भावना मनात आल्या की लक्ष कसं विचलित होतं, या मूलभूत यंत्रणेवरचा प्रस्ताव चालू शकतो. आपला प्रश्न खरोखर मूलभूत असेल तरच तसा लिहा, ओढूनताणून बेतलेला प्रस्ताव परीक्षकांना कळतो.

पदवी पूर्ण झाल्यावर, पीएचडीला जाण्याआधीसुद्धा अर्ज करता येतो. पीएचडीत गेल्यावर एकच संधी, आणि २०२५ च्या पत्रकानुसार दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती दारं बंद झाली आहेत. २०२५ च्या वसंतात पहिल्या यादीत फक्त १,००० नावं होती, नंतर ५०० वाढवली गेली. आदल्या वर्षी दोन हजारांच्या वर होती. तेव्हा अर्ज मन लावून करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

आणि एनआयएचची एफ३१?

प्रबंधाच्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यासाठी ही फेलोशिप आहे. मानसिक आरोग्य, व्यसन, बालविकास, वार्धक्य अशा विषयांच्या एनआयएचमधल्या वेगवेगळ्या संस्था ती देतात, त्यामुळे क्लिनिकल विषयांना इथे जागा आहे. स्टायपेंड ठरलेला असतो, २०२४ च्या आर्थिक वर्षात तो २८,२२४ डॉलर होता, आणि ट्यूशनसाठी वेगळी मदत मिळते. हीसुद्धा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच. अर्ज वर्षातून तीनदा, साधारण ८ एप्रिल, ८ ऑगस्ट आणि ८ डिसेंबरला. पहिल्या फेरीत नाकारला गेलेला अर्ज परीक्षकांचे शेरे वाचून सुधारून पुन्हा पाठवता येतो आणि अनेकांना तो दुसऱ्या वेळी मिळतो. लिहायला चार-पाच महिने धरा.

माझ्याकडे एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा आहे. मग मला काय उरतं?

सगळ्यात मोठी गोष्ट उरते: विभागाची असिस्टंटशिप. तिला नागरिकत्वाची अट सहसा नसते. म्हणूनच परदेशातून येणाऱ्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते, पदवी आणि विभाग निवडतानाच पैशाचा विचार करा. विद्यापीठाच्या स्वतःच्या फेलोशिपही बऱ्याचदा खुल्या असतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आय-२० साठी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशपत्रासाठी, पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा लागतो. असिस्टंटशिपची रक्कम विद्यापीठ त्यावर स्वतः लिहितं, तुम्हाला फक्त उरलेली तूट दाखवायची असते. आणि सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. वीस तासांची टीए असेल तर ग्रंथालयातलं आणखी पाच तासांचं काम घेता येत नाही. पैशाची कितीही ओढ असली तरी ही मर्यादा मोडू नका, व्हिसाच धोक्यात येतो.

क्लिनिकलवाल्यांसाठी एक बारीक पण फार महागात पडणारा नियम. शेवटच्या वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप बहुधा सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायच्या परवानगीवर, करावी लागते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून जास्त झाली, तर त्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची मुभा, जाते. इंटर्नशिपच्या तारखा ठरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन बसा आणि एकेक दिवस मोजून घ्या.

प्रबंधाच्या खर्चासाठी छोटी अनुदानं कुठे मिळतात?

सहभागी व्यक्तींना द्यायचं मानधन, चाचण्यांचे परवाने, ऑनलाइन सर्वेक्षणाचा खर्च हे मार्गदर्शकांच्या अनुदानातून निघालं नाही तर छोट्या अनुदानांकडे वळायचं. १९५३ मध्ये स्थापन झालेलं अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशन, १९२९ ची साय काय ही मानसशास्त्राची सन्मानसंस्था, सामाजिक प्रश्नांवर काम करणाऱ्यांची १९३६ ची एसपीएसएसआय, आणि सगळ्या विज्ञानांसाठीची सिग्मा झाय या त्यातल्या ओळखीच्या. सिग्मा झायचं अनुदान बहुतेक विषयांत १,००० डॉलरपर्यंतचं असतं. काहींना सदस्यत्व लागतं, त्याची वर्गणी विद्यार्थ्यांना परवडणारी असते. एपीएच्या विभागांचे प्रवासनिधी वेगळे.

रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका. स्वतःच्या नावावरचं पहिलं अनुदान बायोडेटावर दिसलं की दुसरं मिळणं सोपं जातं. विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचाही प्रबंधनिधी असतो. अर्जदार कमी असल्याने तो मिळण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा जास्त.

इंटर्नशिपच्या वर्षी पगार मिळतो का?

क्लिनिकल आणि समुपदेशनाच्या डॉक्टरेटला शेवटी एक वर्ष पूर्णवेळ इंटर्नशिप लागते. जागावाटप एपीपीआयसी या संस्थेच्या राष्ट्रीय मॅचमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांच्या जुळणीतून, होतं, निकाल फेब्रुवारीत लागतो. पगार मिळतो, पण मध्यम, आणि बहुधा दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवावं लागतं. तो खर्च स्वतःचा. चौथ्या वर्षापासूनच त्यासाठी बाजूला टाकायला लागा. व्हीए रुग्णालयं देशात सगळ्यात जास्त मानसशास्त्रज्ञ घडवतात, पण तिथे अमेरिकन नागरिकांनाच इंटर्नशिप करता येते. व्हिसावर असलेल्यांनी क्रमवारी लावताना हे लक्षात ठेवावं.

कर्ज काढायचंच झालं तर?

संघराज्याचं सरकारी कर्ज नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि इतर थोड्या पात्र गटांना मिळतं, एफ-१ वाल्यांना नाही. जुलै २०१२ पासून ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना व्याजसवलतीचं कर्ज बंद आहे. म्हणजे व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. साधं थेट कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. त्यावरचा खर्च आतापर्यंत ग्रॅड प्लस कर्जातून भागत असे, पण २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. कायद्याने ग्रॅज्युएट पदवीला एकूण १,००,००० आणि व्यावसायिक पदवीला २,००,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. तुमची पदवी कोणत्या गटात धरली जाते, हे विद्यापीठाच्या वित्तसाहाय्य कार्यालयाकडून लेखी घ्या.

खासगी कर्ज शेवटचा उपाय. बदलत्या दराचं असेल तर व्याज वाढल्यावर हप्ता किती होईल, तेवढं आज काढून बघा.

कर्जमाफीच्या योजना खऱ्या असतात का?

खऱ्या आहेत, पण अटी कडक. २००७ पासूनच्या सार्वजनिक सेवा कर्जमाफीत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं. खासगी कर्ज यात येत नाही. मालकाचं प्रमाणपत्र दरवर्षी भरून घ्या, दहाव्या वर्षी एकदम गोळा करायला जाऊ नका. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही योजना तुटवडा असलेल्या भागांत काम करणाऱ्या परवानाधारक मानसशास्त्रज्ञांचं कर्ज फेडते. संशोधनात राहणाऱ्यांसाठी एनआयएचची कर्जफेड योजना आहे, वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत. शेवटच्या दोन्ही नागरिकत्वाशी बांधलेल्या आहेत, एनआयएचच्या योजनेत ग्रीन कार्डही चालतं.

स्टायपेंडवर टॅक्स लागतो?

लागतो. माफ झालेल्या ट्यूशनवर नाही, हातात येणाऱ्या पैशावर. असिस्टंटशिपचा पगार असेल तर तो कापूनच येतो. फेलोशिप असेल आणि तुम्ही नागरिक किंवा टॅक्ससाठी रहिवासी असाल, तर बहुधा काहीच कापलं जात नाही. मग दर तिमाहीला अंदाजाने स्वतः भरावा लागतो, नाहीतर एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम आणि वर दंड. एफ-१ वर असणाऱ्यांच्या करपात्र फेलोशिपमधून १४ टक्के कापतात आणि विवरणपत्र १०४०-एनआर भरायचं असतं. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे प्रमाणित वजावट घेता येते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही, त्यामुळे सरसकट सल्ला देणारे ती सुचवायचं विसरतात. स्वतः आठवणीने मागा.

पीएचडीला प्रवेश मिळाला, पण पैसे नाहीत म्हणाले. जाऊ का?

पहिल्या वर्षी मदत नाही, दुसऱ्या वर्षापासून बघू, असं तोंडी आश्वासन असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. आधी विभागाला मेल करा: पुढच्या वर्षापासूनची मदत लेखी देता येईल का, आणि कॅम्पसवरच्या इतर कार्यालयांत असिस्टंटशिप मिळेल का. लेखन केंद्र, अपंगत्व सेवा, विद्यार्थी समुपदेशन, संस्थात्मक संशोधन अशा ठिकाणी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काम मिळतं आणि काही विद्यापीठांत त्याबरोबर ट्यूशनही माफ होते. माझी एक सहकारी अशीच अपंगत्व सेवा कार्यालयात दोन वर्षं काम करून शिकली. परीक्षेला जादा वेळ लागणाऱ्या मुलांची व्यवस्था ती लावायची, आणि तिच्या प्रबंधाचा प्रश्न तिला त्याच खोलीत सापडला.

लेखी काहीच आलं नाही, तर वर्षभर एखाद्या लॅबमध्ये पगारी संशोधन साहाय्यकाची जागा शोधा. या जागा जानेवारीपासून मेपर्यंत निघतात. त्याच मार्गदर्शकांना पुढच्या सप्टेंबरात पुन्हा लिहा आणि मधल्या वर्षात काय केलं ते पहिल्या परिच्छेदातच सांगा.